निळ्या झाकणाची डबी

माझ्या लॅबच्या फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, सात महिने एक डबी पडून होती. निळं झाकण, आत थोडं पाणी, पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढी काळपट तार. बाहेरून चिकटपट्टी, आणि तिच्यावर बॉलपेनने माझं नाव. नावापुढे स्त्री, वय ५३.

डबीतला विष्ठेचा नमुना माझा नव्हता. काउंटरवरच्या काचपेटीतल्या मासोळीचा होता. डबी भरून देणारे आमचे घरमालक त्यानंतर आठच दिवसांनी वारले. त्या डबीचं काय करायचं एवढा साधा प्रश्न होता, आणि मी तो सात महिने टाळला. एरवी मी काही टाळत नाही. वीस वर्षं लोकांचं रक्त, लघवी आणि शौच तपासते आहे. या धंद्यात किळस आणि भीती पहिल्या महिन्यातच संपतात. तरी टाळलं. का, ते कळायला आधी तो माणूस कळायला हवा.

नागपुरात इतवारीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुमजली घर होतं. वर ते एकटे राहत. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं मासोळ्यांचं दुकान आणि त्याला लागून दोन खोल्या, त्या मी लॅबसाठी घेतल्या. खोल्या बघायला गेले तेव्हा ते स्टुलावर बसून एका काचपेटीत बघत होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "काय तपासतेस वं बाई तू?" पहिल्या दिवसापासून मला ते तू म्हणाले आणि मी त्यांना काका.

मी म्हटलं, "रक्त, लघवी, शौच."

"मंग आपला धंदा एकच हाय," ते म्हणाले. "घे खोल्या."

मला वाटलं गंमत करताहेत. गंमत करायचा त्यांचा स्वभावच नव्हता, हे पुढे कळलं.

ते मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. तरुणपणी करवती काठाची लुगडी विणत. माग विकावे लागले तेव्हा नागपुरात आले आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून मासोळ्या विकू लागले. विकण्यात त्यांना रस नव्हता. गिऱ्हाईक आलं की दाखवत, पिशवीत भरून देत, संपलं. रस होता तो आजारी मासोळ्यांत, त्यातही पोटाच्या आजारात. पंख सडलेली, अंगावर पांढरे ठिपके आलेली मासोळी घेऊन कोणी आलं तर ते बाटलीतलं औषध देऊन वाटेला लावत. पण "मासोळी उलटी तरंगते", "फुगली आहे", "खाते आणि थुंकते" असं कोणी म्हटलं की दुकानाचं अर्धं शटर खाली येई.

त्यांची तपासायची पद्धत मी पुष्कळदा पाहिली, आणि एकदाही सवयीची झाली नाही. दुकानात बारा-तेरा पेट्या, प्रत्येकीत हवेचा पंप. दिवसभर तो बुडबुड्यांचा आवाज चालू असायचा, भिंतीतून माझ्या लॅबमध्येही यायचा. तपासायच्या आधी ते सगळे पंप बंद करत. भर दुपारी पडदा ओढत. आवाज थांबला की माझ्या खोलीतले लोकही बोलायचे थांबत. कशामुळे ते त्यांना कळत नसे. मग काका आजारी मासोळीला काचेच्या अरुंद भांड्यात घेत आणि भांड्याच्या मागून टॉर्च लावत. मासोळीचं पोट आतून लाल पेटल्यासारखं दिसे. त्या लालीत आतड्याची काळी रेघ, कुठे जाड, कुठे तुटलेली. मासोळी हलायची नाही. काकाही हलायचे नाहीत. दोघं तोंडासमोर तोंड करून असे थांबत की त्यातलं कोण कोणाला तपासतंय याचा पाहणाऱ्याला संशय यावा.

त्यानंतर खाली पडलेली तार ते ड्रॉपरने उचलत आणि तळहातावर घेऊन सुईने ताणत. मासोळीच्या विष्ठेला ते तारच म्हणत. "आखूड अन् भरलेली तार चांगली. तुटली पायजे. न तुटता लोंबून राहिली, पांढरी पडली, आतून पोकळ झाली, तं आतडं सोलून निघून राहिलं समज." सूत हाताळलेली बोटं होती त्यांची. अंधारातसुद्धा तुटलेला धागा बोटाला सापडतो म्हणायचे, आणि मला ते खरं वाटतं.

उपचार साधे होते. तीन दिवस उपास. मग उकडलेल्या मटाराचा दाणा, साल काढून, चिमटीत चुरून. फारच फुगली असेल तर जुलाबाच्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं. हे कोणीही करतं, मोबाइलवर शोधलं तरी सापडतं. पण मासोळी उपाशी असेपर्यंत ते स्वतःही जेवत नसत. एकदा लागोपाठ तीन मासोळ्या आल्या आणि ते आठ दिवस नुसत्या चहावर राहिले. मी रागावले, तर म्हणाले, "पोट एकच राह्यते बाई. तोंडं वेगवेगळी."

त्याहून विचित्र म्हणजे त्यांचे प्रश्न. मासोळीला खायला घालणारा माणूस समोर असल्याशिवाय ते तिला हात लावत नसत. धंतोलीतले एक वकील मोठा, कपाळावर टेंगूळ असलेला मासा घेऊन आले होते. काकांनी त्यांना बसवलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, सकाळी साफ होते काय?"

"माझं?" वकील म्हणाले. "माशाचं विचारा ना."

"त्याचं मले दिसते. तुमचं दिसत नाही म्हणून विचारून राह्यलो."

वकील तणतणत निघून गेले. चौथ्या दिवशी मासा घेऊन परत आले आणि पडद्यामागे बसून सगळं सांगितलं. पुढे त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. मी म्हणते, त्या वयाच्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाचं पोट बरं असेल तरच आश्चर्य. शंभर जणांना विचारलं की दहा जणांचं काहीतरी निघतंच.

मासोळीला ते नाव ठेवत नसत. नमुना माझ्याकडे द्यायचे तो निळ्या झाकणाच्या डबीत, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात का पाहायला आणि रक्त आहे का बघायला. डबीवर मासोळीचं नाही, तिला भरवणाऱ्याचं नाव लिहीत. स्त्री की पुरुष, वय किती, सगळं.

"काका, हे माझ्या रजिस्टरमध्ये पेशंट म्हणून जाईल एखाद्या दिवशी."

"जाऊ दे."

"मासोळी लिहा वर."

"मासोळीले काय नाव हाय? ज्याच्या हातचं खाते त्याचीच ती."

मी त्यांच्यासाठी वेगळा ट्रे ठेवला आणि विषय संपवला. माझ्याकडे सुषमाताई आहेत, खाप्याहून रोज बसने येतात, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, हाताने स्वच्छ आणि तोंडाने सैल. त्या म्हणायच्या, "मॅडम, या बुढ्याच्या मासोळ्यांचे रिपोर्ट आपल्या पेशंटहून बरे येतात. आपल्या लोकायलेच मटार चारले पायजे."

लॅब सुरू झाल्याच्या आठवड्यात काकांनी काउंटरवर एक छोटी काचपेटी आणून ठेवली. तिच्यात एकच नारिंगी गोल्डफिश. अट एवढीच, की खायला मी घालायचं. "दुसऱ्या कोनाचा हात लागू देऊ नको." मी रोज सात वाजता चिमूटभर दाणे टाकायची. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक समोर बसून ते खाणं बघायचे. एका आजोबांनी तर, "आमच्यासमोर हे काहून दाखवून राह्यले?" अशी तक्रार केली. मासोळी मेली की काका दुसरी आणून टाकत. तिला माझी चिमूट कळायला दोन दिवस लागत.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही विचारलं नसताना. उमरेडच्या घरी अंगणात सूत धुवायचा हौद होता. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून त्यात मासोळ्या सोडलेल्या. त्यांची आई सुताला तांदळाची खळ लावायची आणि हाताला उरलेली खळ हौदात बोटं बुडवून मासोळ्यांना द्यायची. त्या तिच्या बोटांभोवती जमायच्या. एका सकाळी सगळ्या मासोळ्या पोटं वर करून तरंगत होत्या, मेलेल्या नाहीत, नुसत्या उलट्या. आई ठणठणीत होती, तिनेच त्या सगळ्यांना दाखवल्या. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि संध्याकाळच्या आत ती गेली.

"अन् मासोळ्या?" मी विचारलं.

"सुलट्या झाल्या," ते म्हणाले. "पन मंग कोनाच्याच हातचं खाल्लं नाही त्यायनं."

खळ आंबली असेल. मासोळ्यांनी खाल्ली, आईनेही कदाचित तोच भात खाल्ला असेल. मी हे तेव्हाच मनात म्हटलं. त्यांना म्हटलं नाही.

आता ती चूक. ती माझी होती, सुषमाताईंची नाही. त्या लग्नासाठी सुटीवर होत्या आणि नोंदी मीच करत होते. महाल भागातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका त्या सकाळी साखरेसाठी रक्त देऊन गेल्या. दुपारी टेबलावर त्यांच्या नावाची डबी दिसली: स्त्री, ६४. मी समजले, शौचाचा नमुना नंतर पाठवला असेल. झाकण निळं होतं हे मला दिसलं आणि गर्दीत कळलं नाही. नमुना लावला. रक्त शोधायचं आमचं कार्ड असतं, त्यावर नमुन्याचे दोन थेंब टाकायचे. एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर रक्त जातंय. दोन आल्या. रिपोर्ट साखरेच्या रिपोर्टबरोबर पाकिटात गेला.

पाचव्या दिवशी काका आले. "त्या महालवाल्या मास्तरीणबाईचं काय निघालं वं?"

"त्यांचा रिपोर्ट त्यांनी नेला."

"त्यायचा नाही. मासोळीचा."

मी रजिस्टर उघडून ती नोंद पाहिली. दुसऱ्या बाईचा रिपोर्ट देणं वेगळं. मी एका बाईला माशाचा रिपोर्ट दिला होता. लॅब बंद व्हायला एवढं पुरे होतं. मी लगेच त्यांच्या घरी फोन लावला, चूक कबूल करायची म्हणून. मुलाने उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मॅडम, तुमचे आभार कसे मानू? डॉक्टरांनी तुमचा रिपोर्ट पाहून लगेच दुर्बीण घातली. आतड्यात गाठ निघाली. लहान आहे, वेळेवर सापडली म्हणतात. आईला तर काहीच त्रास नव्हता."

मी म्हटलं, "आईंना सांभाळा," आणि फोन ठेवला. काका समोर बसून माझ्याकडे बघत होते.

"तुमच्यामुळे आज माझी लॅब गेली असती," मी म्हटलं.

"काहून? रिपोर्ट खोटा होता काय?"

"मासोळीचा होता!"

"मासोळी तिची. हात तिचा."

त्या बाई बऱ्या झाल्या. महिन्याभराने पेढे घेऊन आल्या, काउंटरवरच्या माझ्या मासोळीकडे बघून हसल्या. मी अजूनही त्यांना सांगितलेलं नाही. योगायोग आहे, असं मी स्वतःला समजावलं, आणि ते जमलंही असतं. पण एक गोष्ट राहते, आणि ती लॅबवाल्यालाच कळेल. ते कार्ड माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं असतं. बकऱ्याचं, कोंबडीचं, माशाचं रक्त घातलं तर त्यावर दुसरी रेघ येत नाही, यायला नको. मी उरलेली कार्डं मुद्दाम तपासली. काकांच्या दुकानातून धडधाकट मासोळीचं रक्त आणून घातलं. एक रेघ. तीनदा केलं, तीनदा एकच रेघ. शेवटी ते एक कार्ड दमट हवेने बिघडलं असेल असं रजिस्टरमध्ये लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानंतर काकांच्या डब्यांना मी कार्ड लावणं बंद केलं. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायची. त्यांना ते कळलं असावं.

गेल्या उन्हाळ्यात, दुपारी पेशंट नसताना, ते लॅबमध्ये आले. कूलर चालू होता. त्यांनी आधी कूलर बंद केला, मग माझ्या काचपेटीचा पंप, मग खिडकीचा पडदा ओढला. मी म्हटलं, "काका, काय करताय? हिला काही झालेलं नाही, सकाळी चांगलं खाल्लं तिनं."

ते पेटीच्या मागे टॉर्च धरून वाकले. नारिंगी मासोळी पाण्यात थांबली. तिचं पोट पेटलं. मी माझ्या खुर्चीतून पाहिलं तर मासोळीच्या अंगातून त्यांचा चेहरा लाल दिसत होता, आणि त्यांची नजर मासोळीवर नव्हती. माझ्यावर होती.

"कपडे ढिले झाले तुये," ते म्हणाले.

झाले होते. बहीण म्हणाली होती छान बारीक झालीस. थकवा होता, तो उन्हाचा. दोनदा-तीनदा रक्त दिसलं होतं, ती मूळव्याध असणार. दिवसभर बसून काम असतं. पेशंटने असं सांगितलं असतं तर मी त्याला खडसावलं असतं.

त्यांनी ड्रॉपरने तार उचलली, डबीत सोडली, चिकटपट्टी लावली, लिहिलं आणि डबी माझ्यापुढे ठेवली. "पाहून घे. कार्ड लाव."

मी लेबल वाचलं. "काका, वय चुकलं. बावन्न आहे मला. एक वर्ष वाढवलंत."

"असू दे," ते म्हणाले. "लावशीन तवा बरोबर राहीन."

पंप चालू करायला विसरून ते निघून गेले. आठ दिवसांनी दुपारी झोपेतच गेले. मुलगा पुण्याहून आला, त्याने पेट्या विकल्या, दुकानाला शटर लावलं. भिंतीतून येणारा बुडबुड्यांचा आवाज बंद झाला, आणि त्यानंतर माझ्या लॅबमध्ये येणारे लोक हळू आवाजात बोलायला लागले. ते अजून तसेच बोलतात.

दर महिन्याला फ्रिज पुसताना सुषमाताई ती डबी उचलून विचारायच्या, "मॅडम, हे फेकू काय?" मी म्हणायची, "राहू द्या." नमुना चार दिवसांत निकामी होतो. सात महिन्यांच्या डबीतून काहीही कळणार नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच ती ठेवली होती. ती तिथे आहे तोवर तपासायचं बाकी आहे असं म्हणता येत होतं. आणि दर सकाळी सात वाजता मी चिमूट टाकत होते, मासोळी वर येऊन खात होती, आणि मी तिची तार बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

मागच्या सोमवारी माझ्या सलवारीची नाडी मी तिसऱ्यांदा आवळली. मंगळवारी सकाळी लवकर गेले आणि एका नव्या निळ्या झाकणाच्या डबीत पाणी घालून त्यात स्वतःचा चिमूटभर नमुना घातला. सूक्ष्मदर्शकाशी मी बसले नाही. स्वतःचं स्वतः पाहिलं की हवं तेच दिसतं. आणि मालकिणीचं पोट हा लॅबमध्ये महिनाभर पुरणारा विषय झाला असता. म्हणून डबीवर लिहिलं, 'काउंटरवरची मासोळी'. आयुष्यात पहिल्यांदा मी लेबलवर खोटं लिहिलं.

सुषमाताईंना म्हटलं, "हे बघून द्या. कार्डसुद्धा लावा."

"काका गेले, आता मासोळीचं काहून पाहून राह्यले मॅडम?"

"लावा म्हटलं ना."

मी काउंटरवर बसून लोकांची नावं लिहीत राहिले. आतून त्यांचा आवाज आला, "मॅडम, हे मासोळी मेथी खाते काय?" मी पुढचं नाव लिहिलं. पाच मिनिटं गेली. कार्डाला पाच मिनिटंच लागतात. मग आणखी पाच गेली. सुषमाताई एकदा कार्ड लावून कधी दुसरं लावत नाहीत. त्यांनी दुसरं पाकीट फाडल्याचा आवाज मी ऐकला.

त्या दारात आल्या तेव्हा हातात दोन कार्डं होती. दोन्हींवर दोन-दोन रेघा.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हे मासोळीचं नाही."

काचपेटीतली मासोळी काचेला तोंड लावून थांबली होती. सकाळचे दाणे पाण्यावर तसेच तरंगत होते. तिने एकही खाल्ला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"नाही," मी म्हटलं. "माझं आहे."

सुषमाताईंनी कार्डं काउंटरवर ठेवली आणि आतून डबी आणली. मग रजिस्टर ओढलं, माझं नाव लिहिलं आणि डबीवरचं खोटं लेबल नखाने खरवडून काढलं. नव्या चिकटपट्टीसाठी त्या टेबलावर शोधू लागल्या. मी उठून फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यातली जुनी डबी काढली. चिकटपट्टी गारठून कडक झाली होती, पण अख्खी निघाली.

"हेच लावा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. "वय बरोबर हाय ना मॅडम?"

रविवारीच माझा वाढदिवस झाला होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं, आणि डॉक्टरांना फोन लावला.